ब्रॅनकबाईंचं पुढे काय झालं

"काका, बसा आधी," रुथ म्हणाली.

मी बसलो नाही. कॅज्युअल्टीच्या बाहेर एक बाकडं होतं, त्यावर कुणाची तरी थर्मासची पिशवी होती. मी त्या पिशवीकडे बघत उभा राहिलो. रुथ सातपुते मिरजेच्या त्या हॉस्पिटलात नर्स होती आणि माझ्या बायकोच्या इंग्रजीच्या वर्गाला येत होती. फोन तिनेच केला होता. "घाई करू नका, पण या," एवढंच म्हणाली होती. मी सायकल दामटत आलो होतो.

"बसा ना." तिनं पिशवी खाली ठेवली, माझं कोपर धरून मला बसवलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली. मग सांगितलं. "बाई गेल्या, काका. मंडईत चक्कर आली. रिक्षावाल्यानं इथं आणलं, पण आणलं तेव्हाच नाडी नव्हती. आम्ही सगळं करून बघितलं."

मी विचारलं, "चष्मा कुठाय तिचा?"

"माझ्याकडं आहे."

"त्याची काडी ढिली आहे. सांभाळून ठेव."

"ठेवते," रुथ म्हणाली.

नर्सांना असं शिकवतात, हे मला नंतर कळलं. वाईट बातमी उभ्या माणसाला सांगायची नाही. आधी बसवायचं, मग सांगायचं.

तिनं मला कुमुदची पिशवी दिली. वर मेथीची जुडी होती. खाली तपकिरी कागदाचं कव्हर घातलेले पुस्तकाचे भाग होते, दोऱ्यानं एकत्र बांधलेले. गुरुवार होता. संध्याकाळी वर्ग होता.

हे भाग काय होते ते सांगायला पाहिजे. कुमुद हायस्कूलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाली होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती आठवड्यातून चार दिवस फुकट वर्ग घ्यायची. येणाऱ्या बहुतेक पोरी नर्सिंगच्या. त्यांना परदेशात नोकरी पाहिजे असायची आणि तिथं मुलाखत इंग्रजीत. या पोरी व्याकरणात पहिल्या येतील, पण तोंड उघडायची वेळ आली की जमिनीकडे बघत राहतील. म्हणून कुमुद कादंबरी घ्यायची. एकच प्रत, आणि ती कापायची.

कापायचं काम माझं. मी रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. करवतीच्या जुन्या पात्याला धार लावून मी एक सुरी केली होती, त्या सुरीनं पुस्तकाचे भाग पाडायचे, दाभणानं शिवायचे, कव्हर घालायचं. पहिल्यांदा मी म्हणालो होतो, "पुस्तक कापायचं? सरस्वती आहे ती."

कुमुद म्हणाली, "अखंड पुस्तक एकीच्याच हातात राहतं. कापलेलं सगळ्यांच्या हातात जातं. काप."

प्रत्येकीला एक भाग. तो घरी वाचायचा, डिक्शनरी न बघता, आणि आपली पाळी आली की उभं राहून इंग्रजीत बाकीच्यांना सांगायचा. दुसरीचा भाग वाचायचा नाही. सांगणारी जे सांगेल तेच खरं, तिला कुणी खोडायचं नाही. कुमुद मध्ये फक्त तीन प्रश्न विचारायची. हू? व्हेअर? व्हॉट नेक्स्ट? शेवटचा भाग नेहमी तिचा. तो ती स्वतः सांगायची, आणि त्या दिवशी पोरी भेळ आणायच्या.

आणि त्या रात्री जेवताना ती मला मराठीत सांगायची, आज गोष्ट कुठवर आली. माझं इंग्रजी शेडमधलं. बेअरिंग, गॅस्केट, ब्रेक ब्लॉक. पण गोष्टी मला सगळ्या माहीत होत्या.

त्या वर्षीच्या कादंबरीत मिसेस ब्रॅनक नावाची एक म्हातारी होती. बंदरावरच्या गावात तिचं घर, त्यात मासेमारीच्या बोटींवर काम करणारे भाडेकरू. कुणी चिखलाचे बूट घेऊन आत आला की ती ओरडायची. मी कुमुदला म्हणालो होतो, "ही तर तूच." शेडमधले माझे बूट ती अंगणात भिरकावायची. तिनं हे वर्गात जाऊन सांगितलं. तेव्हापासून पोरी तिलाच ब्रॅनकबाई म्हणायला लागल्या.

तेराव्यानंतर वाचनालयाचे सेक्रेटरी अण्णासाहेब आवटी घरी आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, कुमुदच्या फोटोला नमस्कार केला. मग म्हणाले, "तांबट, खोलीचं आता काय करायचं?"

"कसलं काय?"

"वर्ग संपला ना. स्पर्धा परीक्षेची पोरं जागा मागतायत. त्यांना अभ्यासिका करून देऊ म्हणतो."

"पुस्तक अर्ध्यावर आहे," मी म्हणालो.

"मग?"

"ते पुरं व्हायला पाहिजे."

आवटी हसले. "आणि शिकवणार कोण? तुम्ही? अहो, तुम्ही इंजिनाशी इंग्रजी बोलत होता."

"इंजिन ऐकायचं तरी," मी म्हणालो. "किल्ली माझ्याकडं आहे. सोमवारी उघडतोय मी."

आवटींनी कप खाली ठेवला. "हे बघा, कमिटीला काहीतरी दाखवायला लागतं. कादंबऱ्या वाचून नोकऱ्या लागतात होय? असं करू. दिवाळीआधी धोत्रेसरांना बोलावतो. कॉलेजात इंग्रजी शिकवलंय त्यांनी जन्मभर. पोरींनी त्यांच्यासमोर ते पुस्तक सांगून दाखवायचं. सर म्हणाले वर्ग चांगला, तर खोली तुमची. नाहीतर किल्ली द्यायची."

"चालेल."

सोमवारी मी कुलूप काढलं, खोली झाडली, माठ भरला. वर्गात सहाजणी होत्या. रुथ होतीच. पद्मावती मगदूम होती, ती दिसायला गरीब पण जीभ तिखट. आणि शमीम मुजावर, सगळ्यात लहान, बोलायला सगळ्यात मागे. तिला हाक मारली तरी ती आधी ओढणी सारखी करायची.

मी खुर्चीवर बसलो. आजवर त्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो. म्हणालो, "मला इंग्रजी येत नाही ते तुम्हाला माहीत आहे. पण बाईंचे तीन प्रश्न मला येतात. भाग वाटून देतो. पुढचा कुणाचा?"

"शमीमचा," रुथ म्हणाली.

शमीमनं भाग नेला. गुरुवारी ती सांगायला उभी राहिली. कव्हर दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. माझ्याकडे बघितलं आणि परत कव्हराकडे बघत राहिली.

"हू?" मी विचारलं.

"मिसेस ब्रॅनक."

"व्हेअर?"

"इन द किचन."

"व्हॉट नेक्स्ट?"

तिनं ओढणी सारखी केली. परत केली. मग म्हणाली, "मिसेस ब्रॅनक... वेंट टू हर सिस्टर्स हाऊस."

"व्हाय?" हा प्रश्न मी माझ्या मनानं घातला. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

शमीम सांगायला लागली. बहीण आजारी आहे. बहिणीचं गाव डोंगरात आहे. तिकडे शेळ्या आहेत. म्हातारी जाताना भाडेकरूंना सांगून गेली, बूट बाहेर काढा. अडखळत, थांबत, पण ती बोलत राहिली. त्या पोरीच्या तोंडून एका वेळी एवढं इंग्रजी कुणी ऐकलं नव्हतं. बाकीच्या तिच्याकडे टक लावून बघत होत्या. संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मी एकटाच जेवलो आणि फोटोकडे बघून म्हणालो, "म्हातारी बहिणीकडे गेली गं."

पुढचा भाग पद्मावतीचा. ती पूर्वी पुस्तकातली वाक्यं पाढ्यासारखी पाठ करून यायची आणि कुमुद वैतागायची. या वेळी तसं झालं नाही. शब्द हुडकत, छताकडे बघत तिनं सांगितलं, की भाडेकरू स्वतःच स्वयंपाक करतात, सगळं करपवतात, आणि म्हातारीचा निरोप आलाय की गुडघा दुखतो म्हणून उशीर होईल.

मी मराठीतच विचारलं, "परत कधी येणार ती?"

पोरींनी एकमेकींकडे बघितलं.

"नेक्स्ट वीक, काका," पद्मावती म्हणाली. "शी इज कमिंग नेक्स्ट वीक."

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कधी पावसानं रस्ता बंद, कधी बहिणीनं सोडलं नाही. मग रुथची पाळी आली. तिनं सांगितलं की आता ते घर विकायला काढलंय.

मला राग आला. "तिला न विचारता घर विकतात?"

"तिनंच सांगितलंय विकायला, काका."

"मग राहणार कुठं ती? आयुष्यभर त्या घरात राहिलेली बाई, शेळ्यांत राहणार?"

"मराठी बोलायचं नाही, काका," पद्मावती म्हणाली. "बाई दंड करायच्या."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण घरी आल्यावरही तो विचार डोक्यातून जात नव्हता. त्या बाईनं परत यावं, असं मला फार वाटत होतं. वर्गात मी त्यासाठीच जात होतो म्हटलं तरी चालेल. आणि पोरी बोलत होत्या. कुमुद असताना त्या जेवढ्या बोलायच्या त्याच्या दुप्पट बोलायला लागल्या होत्या. म्हातारीवरून वाद घालायच्या, इंग्रजीत. मला वाटायचं, खोली आता कुणी घेत नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी आवटी आणि धोत्रेसर आले. धोत्रेसर उंच, वाकलेले, काठी घेऊन. मी त्यांना माझी खुर्ची दिली आणि स्वतः कपाटापाशी उभा राहिलो. शेवटचा भाग सोडून बाकी सगळं पुस्तक पोरी सांगणार होत्या. जिचा भाग तिनं उठायचं, थोडक्यात सांगायचं आणि बसायचं.

सुरुवात झकास झाली. धोत्रेसर मान हलवत होते. एकदा तर आवटींकडे वळून म्हणाले, "पाठ केलेलं नाही हे." आवटींना इंग्रजी बेताचंच कळत होतं, पण त्यांनीही मान हलवली.

शमीम उठली. बहीण, डोंगर, शेळ्या. आता ती अडखळतही नव्हती.

सरांनी चष्मा काढला.

पद्मावती उठली. सरांनी तिला मध्येच थांबवलं. "एक मिनिट, बाळ. मिसेस ब्रॅनक कुठे आहेत म्हणालीस?"

"अॅट हर सिस्टर्स हाऊस, सर."

"हे कुठल्या पानावर आहे?"

पद्मावतीनं शमीमकडे बघितलं.

सर म्हणाले, "ही कादंबरी आमच्याकडे बी.ए.ला होती. मी ती खूप वर्षं शिकवली. त्यात बहीण नाही. शेळ्या तर नाहीतच."

आवटी पुढे सरकले. "म्हणजे यांनी पुस्तक वाचलंच नाही?"

"तसं दिसतंय खरं. इंग्रजी चांगलं आहे यांचं, ते मी म्हणेन. पण ही गोष्ट त्या पुस्तकातली नव्हे."

"मग तेच की. वाचनालयाची खोली, आणि वाचन नाहीच." आवटी माझ्याकडे वळले. "तांबट, काय हे? तुमच्या लक्षात नाही आलं?"

मला काही कळत नव्हतं. मी म्हणालो, "सर, बाईंचा नियम आहे. सांगेल तिचं खरं. पण हे भाग मी माझ्या हातानं वाटलेत. न वाचता या पोरी येणार नाहीत."

"मग वाचून असं का सांगतील?"

मी पोरींकडे बघितलं. सहाही जणी खाली बघत होत्या, पूर्वी बघायच्या तशा. मला ते बघवेना. खोली गेली तर जाऊ दे, पण कुमुदच्या पोरी पुस्तक न वाचणाऱ्या म्हणून इथून बाहेर पडायला नकोत.

गोष्ट फिरली होती ती शमीमच्या भागापासून. मी तिला म्हणालो, "शमीम, मिसेस ब्रॅनक किचनमध्ये होती. तिथून सांग. पुस्तकात आहे ते. व्हॉट नेक्स्ट?"

ती उठली. रुथकडे बघितलं. रुथनं हलकेच मान हलवली.

शमीम माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, बसा आधी."

मी कपाटाला धरलं. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते आणि आता कुणी खाली बघत नव्हतं. रुथनं आपलं स्टूल पुढे सरकवलं.

मी बसलो. या वेळी पहिल्या सांगण्याला बसलो.

"सांग," मी म्हणालो. "इंग्रजीतच सांग."

तिनं सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. सकाळी भाडेकरू खाली आले तर चहा झालेला नव्हता. मिसेस ब्रॅनक चुलीजवळ खुर्चीत बसली होती. मांडीवर एकाचा बूट होता, हातात फडकं. दुसरा बूट पुसून शेजारी ठेवलेला. त्यांना वाटलं, डोळा लागलाय. ज्याचा बूट होता त्यानं तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला, पायात घातला आणि बोटीवर गेला. त्याला दुपारी कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो ते बूट दाराबाहेर काढून आत यायचा. ओरडायला कुणी नव्हतं तरी.

"शी वॉज डेड," शमीम म्हणाली. "ऑल द टाइम, शी वॉज डेड." आणि ती तशीच उभी राहिली. तिनं ओढणीला हात लावला नाही.

पंखा फिरत होता. आवटींनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला.

धोत्रेसर म्हणाले, "हे बरोबर आहे. असंच आहे." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "आणि तुमच्या पत्नीला जाऊन किती...?"

"शमीमला तो भाग दिला, त्याच्या आधी थोडे दिवस," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली.

रुथ म्हणाली, "आमचं काही ठरलं नव्हतं, सर. शमीमनं तसं सांगितलं. सांगेल तिचं खरं, म्हणून मग पुढच्यांनी तेच धरून सांगितलं. माझ्या भागात तर पहिल्याच पानावर तिची कबर होती. मी काय करणार? घर तर विकायलाच लागलं."

"पद्मावती, मी तुझ्यावर रागावलोय," मी म्हणालो. "नेक्स्ट वीक, नेक्स्ट वीक म्हणून मला दसऱ्यापर्यंत आणलंस."

"तुम्ही विचारतच राहिला, काका," पद्मावती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "गुडघ्यानंतर काय दुखवायचं, मला सुचेना."

धोत्रेसर आवटींना म्हणाले, "अण्णासाहेब, बी.ए.च्या पोरांना मी पुस्तकात होतं ते सांगायला लावू शकलो नाही. या पोरी पुस्तकात नसलेलं, तेही इंग्रजीत, इतके आठवडे सांगत राहिल्या. माझं मत विचाराल तर वर्ग चांगला आहे."

आवटी व्यवहारी माणूस. लगेच हो म्हणाले तर ते आवटी कसले. "चार दिवस नाही जमायचं. त्या पोरांनाही शब्द दिलाय मी. सोमवार आणि गुरुवार घ्या." जिन्याकडे जाता जाता थांबले. "आणि तांबट, ती शेवटी खरंच गेली होय? मला वाटलं होतं, येईल."

ते गेल्यावर धोत्रेसर थोडे मागे थांबले. म्हणाले, "शेवटचा भाग राहिलाय ना? मला तो जवळजवळ पाठ आहे. सांगून टाकू का?"

पोरींनी माझ्याकडे बघितलं.

"नको, सर," मी म्हणालो.

"शेवट बाईंचा असतो," शमीम म्हणाली. "म्हणजे आता काकांचा."

"काकांना इंग्रजी कुठं येतं?" पद्मावती म्हणाली.

"शिकतील," शमीम म्हणाली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. रुथ कुवेतला आहे, पद्मावती आयर्लंडला. मुलाखतीत कुणी काही विचारलं की पद्मावती आधी मनात म्हणायची, हू, व्हेअर, व्हॉट नेक्स्ट. तिनंच सांगितलं मला. शमीम मिरजेतच राहिली. दिवसा वॉर्डात असते, आणि सोमवारी-गुरुवारी वर्ग तीच घेते. कुलूप मी काढतो, माठ भरतो, पुस्तकं कापतो. आणि मागच्या बाकावर बसून शिकतो. पाळी आली की उठतोही. पहिल्यांदा उठलो तेव्हा दोन वाक्यं बोलून बसलो. नवीन पोरी हसल्या. शमीम म्हणाली, "स्टँड अप, काका. व्हॉट नेक्स्ट?"

कुमुदचा भाग मी रोज सकाळी थोडा थोडा वाचत गेलो. डिक्शनरी न बघता, कारण तिला ते चालायचं नाही. अडलेला शब्द पुढच्या-मागच्यावरून लावायचा. एकेका पानावर मी महिना काढला असेल. काही शब्द अजून लागलेले नाहीत. पण घराचं काय झालं ते मला कळलं. त्या बुटांचं काय झालं तेही कळलं.

दर दिवाळीला त्या दोघींचा फोन येतो. शमीम इथंच असते, फोन मधे ठेवतो आणि चौघं बोलतो. "काका, शेवट?" पद्मावती विचारते. तिघींपैकी एकीनंही तो भाग वाचलेला नाही. धोत्रेसरांनाही विचारलेलं नाही. येत्या मे महिन्यात दोघी एकदम रजेवर येतायत, असं रुथ म्हणाली आहे. मी भेळवाल्याला सांगून ठेवणार आहे.

शेवटचा भाग माझ्याकडे आहे. तो मी वाचला आहे. त्या तिघींसमोर उभं राहून इंग्रजीत सांगायचा अजून राहिला आहे.